गोधडी पूर्णच होत नाही? सारखं उसवत बसण्यावर उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. तुकडे जोडून वरचा थर तयार झालेला असतो, अस्तर आणून ठेवलेलं असतं, पण मधल्या ओळीतला एक कोपरा नीट जुळलेला नसतो. तो उसवायचा, पुन्हा जोडायचा, तोवर शेजारचा सरकतो. मग तो उसवायचा. जानेवारीतली थंडी अशीच निघून जाते, मार्च लागला की सगळं कापड पिशवीत भरून कपाटावर जातं आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तोच कोपरा समोर येतो. नागपुरात गोधडी शिकायला येणाऱ्या बायकांकडून मी हे सतत ऐकते. "ताई, माझा हातच बसत नाही," असं त्या म्हणतात. हात बसलेला असतो. बहुतेकींचा चांगलाच बसलेला असतो.

चोखपणाचा आग्रह पूर्ण सोडून द्या, असं मी सांगणार नाही. जी गोधडी रोज अंगावर घेतली जाणार आणि धुतली जाणार, तिच्यात काही गोष्टी चोखच लागतात. पण त्या कोणत्या, हे शिवायला बसण्याआधी ठरलेलं नसलं की डोळा दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर अडकतो. चोखपणा कुठे मागायचा आणि कुठे नाही, एवढं ठरलं तरी अर्धं उसवणं थांबतं.

उसवायचं सीम रिपर उचलण्याआधी

पहिला प्रश्न: ही शिवण धुण्यात सुटेल का? एखाद्या कापडाची कड टाक्यातून निसटली असेल, किंवा माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं कापड, इतकी कमी राहिली असेल की दोन धुण्यांत दशा निघतील, तर उसवा. तिथे विचार करत बसू नका. दुसरा प्रश्न: जागा फुगते किंवा तिथे चुणी पडते का? वाफेची इस्त्री दाबून पाहा. तरीही फुगा किंवा चुणी राहिली तर तीही सोडवायला हवी, कारण वरून टाके घालताना ती चुणी कायमची शिवली जाते. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ही चूक पुढच्या ओळीत वाढणार आहे का?

तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती जागा फक्त डोळ्याला खुपते आहे. तिथे एक सेफ्टी पिन लावा आणि पुढे चला. सगळा थर जोडून झाला की तो पलंगावर अंथरा, पिना काढून टाका, खोलीच्या दारात उभं राहा आणि तिथून त्या जागा शोधा. ज्या दारातून दिसतील त्यांचा विचार करा. शिकणाऱ्यांपैकी बहुतेकींना त्या सापडतच नाहीत.

कोपरे दर वेळी थोडे थोडे सरकतात

इथे मात्र मन आवरून काही होत नाही, कारण दोष मशीनपाशी आहे. उसवून तो जाणारच नाही.

एका इंचाचे आठ सूत. तुकडे जोडताना आपण पाव इंचाची, म्हणजे दोन सुतांची माया धरतो. ती अर्ध्या सुताने जास्त जात असली तर नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. पण प्रत्येक जोडात दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं मिळून एक सूत कापड खाल्लं जातं. बारा तुकड्यांच्या ओळीत अकरा जोड, म्हणजे अकरा सूत. जवळपास दीड इंच. ही ओळ एका दिवशी शिवली, दुसरी दुसऱ्या दिवशी जरा सावधपणे शिवली, की दोन ओळींत तेवढा फरक पडतो आणि कोपरे जुळवायला आपण ओढाताण करत बसतो. एकेक कोपरा उसवून हे दीड इंच परत मिळत नाहीत.

यावर साधी तपासणी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकीला एक जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जाते आहे, जास्त भरली तर कमी. शिवण दुमडते तेव्हा कापडाची आणि दोऱ्याची जाडीही थोडी जागा खाते, म्हणून सुई कडेपासून पाव इंचापेक्षा धागाभर कमी अंतरावर पडावी लागते. घरोघरी असलेल्या काळ्या मशीनवर फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड म्हणजे पाव इंच, असं गृहीत धरू नका. ती बहुतेक मशीनवर तशी नसते. पट्ट्यांची तपासणी बरोबर येईपर्यंत सुईची जागा मोजा आणि मग मशीनच्या पाट्यावर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा. कापडाची कड त्या टेपला टेकवत शिवायचं. एवढ्याने अनेकींची 'हात बसत नाही' ही तक्रार संपते.

जोडलेल्या तुकड्यांवर इस्त्री सरकवू नका. ठेवायची, दाबायची, उचलायची. सरकवली की तिरका धागा ताणला जातो.

उसवण्याने नेमकं काय होतं

आपल्याला वाटतं, उसवलं म्हणजे कापड पहिल्यासारखं झालं. तसं होत नाही. नव्या पॉपलिनवर सुईची भोकं वाफेने बरीचशी बुजतात. पण वीस-पंचवीस वर्षं नेसलेलं सुती लुगडं हातात घेऊन उजेडात धरा. धागे इतके विरळ झालेले असतात की पलीकडची बोटं दिसतात. त्यावर 14 नंबरची सुई चालली की काही धागे तुटलेलेच असतात. उसवताना सीम रिपरच्या टोकाने आणखी काही तुटतात. त्याच ओळीवर दुसऱ्यांदा शिवलं की कापड टपाल तिकिटाच्या कडेसारखं फाटायला तयार होतं.

त्रिकोणी तुकड्यांचं दुखणं वेगळं आहे. त्रिकोणाची एक तरी कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, असते आणि उरेब कड ओढली की वाढते. पहिल्यांदा जोडताना ती थोडी वाढते, उसवताना आणखी, इस्त्रीखाली आणखी. म्हणून तिसऱ्यांदा जोडलेला कोपरा पहिल्यापेक्षा वाईट बसतो. तेव्हा आपण स्वतःला दोष देतो, पण आता तो तुकडाच कापला तेव्हाच्या मापाचा राहिलेला नसतो.

यावरून मी एक नियम धरला आहे आणि शिकवतेही: नवं कापड एकदाच उसवायचं, जुनं मऊ कापड शक्यतो उसवायचंच नाही. जुन्या कापडावर फारच वाकडं गेलं असेल तर त्यावर दुसरा तुकडा ठेवून कडेने धावदोरा घाला. आपल्या गोधडीत ठिगळावर ठिगळ पूर्वीपासून चालत आलेलं आहे, त्यात काही कमीपणा नाही. उसवणं भागच असेल तर दोन हातांनी कापड ओढून टाके तोडू नका. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ ओढून काढायचा.

त्रिकोण कापण्याआधी कापडाला खळ द्या, साड्यांना देतो तीच. कडक कापडाची उरेब कड हलत नाही आणि निम्मं उसवणं तिथेच वाचतं.

घरातली कापडं एकमेकांशी जुळत नाहीत

नागपुरात जुनी ट्रंक उघडली की काय काय निघतं! एम्प्रेस मिल 1877 साली इथे सुरू झाली. कुठे तिच्या काळातली मिलची चादर असते, कुठे उमरेड-पवनीकडच्या हातमागाचं लुगडं, आजोबांचं धोतर, मध्येच एखादा टेरिकॉटचा शर्ट. वर गांधीबागेतून आणलेले नवे कटपीस. हे सगळं एका गोधडीत आलं की प्रत्येक कापड आपल्या पद्धतीने वागतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं आता फारसं आटत नाही, टेरिकॉट तर जवळजवळ नाहीच. लुगड्याचा काठ अंगापेक्षा दाट विणलेला असतो, त्यामुळे काठ आणि अंग एकाच तुकड्यात आले तर तो तुकडा एका बाजूने ओढलेला दिसतो.

अशा गोधडीत प्रत्येक टोक टोकाला भिडावं ही अपेक्षाच चुकीची आहे. आज भिडवलं तरी पहिल्या धुण्यानंतर सरकणार. नवं कापड कापण्याआधी धुऊन घ्या, लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते बघा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर विसंबू नका. आणि अशा कापडांसाठी टोकं जुळावी लागतील असा नमुनाच घेऊ नका. लांब पट्ट्या, कमीजास्त रुंदीचे चौकोन, एका ओळीचे सांधे दुसऱ्या ओळीच्या सांध्यांसमोर येणारच नाहीत अशी विटांच्या भिंतीची मांडणी घ्या. न जुळणं हा त्या नमुन्याचाच भाग असतो, मग उसवायचं काय?

धुण्याने एक फायदाही होतो. सुती थर आटले की गोधडीवर बारीक सुरकुती येते आणि सूतभराचे फरक त्यात मिसळून जातात. म्हणून न धुतलेल्या गोधडीवर शेवटचा निकाल देऊ नये.

मांडणीच ठरत नाही

हे उन्हाळ्यात जास्त होतं. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करून बसणं शक्य नाही, आणि कूलर चालू असला की फरशीवर मांडलेले तुकडे उडतात. पुन्हा मांडताना दोन जागा बदलल्या जातात, मग आणखी दोन, आणि संध्याकाळपर्यंत पहिली मांडणीच बरी होती असं वाटायला लागतं.

भिंतीवर जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावा, सुती तुकडे तिला बऱ्यापैकी धरून राहतात. मांडून झालं की फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग बाजूला झाले की गडद आणि फिकट एका बाजूला गोळा झालेत का, एवढंच दिसतं. बघायचंही तेवढंच असतं. तसं असेल तर तेवढे तुकडे हलवा, प्रत्येक तुकड्यावर टेपने आकडा लावा आणि ओळी उचलून ठेवा. त्यानंतर मांडणी उघडायची नाही.

आईचं लुगडं कापवत नाही

या अडचणीवर घाईने बोलू नये. गेलेल्या माणसाचं कापड असतं, ते पुन्हा मिळणार नसतं, आणि चूक होईल या भीतीने कात्री थांबते. ही भीती योग्य आहे. म्हणून अशा कापडाला पहिल्यांदा हात लावायचा तो कात्रीशिवाय.

लुगडं अख्खं उघडून उजेडात धरा आणि विरलेले भाग खडूने घेरून घ्या. मांडीवर, कमरेच्या घडीपाशी ते बहुतेक असतातच. पदर आणि काठ सहसा धड असतात. पदर बाजूला ठेवा, तो कापायचा नाही. तो पूर्णच्या पूर्ण अस्तर म्हणून लावता येतो किंवा मधोमध अख्खा बसवता येतो. बाकीच्यातून तुकडे हवे असतील तर कापण्याआधी त्यामागे मलमल कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या आणि मग दोन्ही थर मिळून कापा. विरलेल्या कापडाला आधार मिळतो आणि शिवताना ते पसरत नाही. सराव हवा असेल तर तो एखाद्या जुन्या ब्लाऊज पीसवर करा.

आणि कापायचंच नसेल तर कापू नका. जुन्या पद्धतीची गोधडी अख्ख्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, वरून धावदोरा घालूनच होत आली आहे. तुकड्यांची नक्षी नसली तरी ती अपुरी नाही. ज्यांना कापवत नाही त्यांना मी हाच मार्ग आधी सुचवते.

हाताचे टाके लहानमोठे येतात

येऊ द्या. दोन टाक्यांत उन्नीस-बीस असेल तर अंथरल्यावर ते कुणाला दिसत नाही. टाक्याची ओळ मध्येच वळली, दोरा सैल राहिला, खालचा थर टाक्यात आलाच नाही, या गोष्टी मात्र बघायच्या. दर वीतभराला गोधडी उलटून बोट फिरवा. खालून टाका लागत नसेल तर सुई आरपार गेलेली नाही.

पहिली ओळ नेहमी सगळ्यात वाईट वाटते, कारण पाचव्या ओळीपर्यंत हात सुधारलेला असतो. ती उसवून पुन्हा घातली की दहावी ओळ तिच्यापेक्षा चांगली येते आणि हे चक्र संपतच नाही. सुरुवात अशा जागी करा जी पायाकडे येईल. उन्हाळ्यात घामाने सुई बोटातून सटकते, तेव्हा बोटांना थोडी टाल्कम पावडर लावा. अंगुस्तान टाळू नका.

अस्तराला चुण्या पडत असतील तर दोष टाक्यांचा नाही, मांडणीचा आहे. अस्तर फरशीवर टेपने चारही बाजूंनी चिकटवा, ओढून नाही, नुसतं सपाट. फरशीच्या रेषा इथे फार उपयोगी पडतात, कारण काटकोन तिथे आयताच मिळतो. मग बाकीचे थर घालून तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा.

चोखपणा कुठे मागायचा

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, ऑर्डरवर गोधड्या शिवून देणाऱ्या एक मावशी आहेत. दुसरीने शिवलेली गोधडी त्या कशा तपासतात हे बघण्यासारखं आहे. आधी उलटी अंथरतात. चारही कोपरे दोन बोटांत धरून ओढतात. गोटाच्या, म्हणजे कडेने लावलेल्या पट्टीच्या, आतून नख फिरवतात, कुठे अडकलं तर तिथे टाका सुटलेला आहे. मग मधल्या भागावर तळहात दाबून गोल फिरवतात, थर एकमेकांवर सरकतात का ते कळायला. नक्षीकडे त्या सगळ्यात शेवटी बघतात, तेही ओझरतं. एकदा त्यांच्यासमोर कुणी तरी वरचा कोपरा उसवायला घेतला, तेव्हा म्हणाल्या, "कायले उसवून राहिली वं? थो गोट पाह्य आधी. गोट सुटला त गोधडीच सुटली."

त्यांचं बरोबर आहे. गोट दुहेरी घ्या. कोपऱ्यांवर दोरा दोनदा फिरवा. गाठी थरांच्या आत ओढून घ्या. थर एकत्र धरणारे टाके चार-चार बोटांवर असू द्या. या ठिकाणी सूतभरही सोडू नका. आपला सगळा कडकपणा इथे खर्च केला की वरच्या कोपऱ्यांसाठी तो फारसा उरत नाही, आणि उरू नयेच.

दुसरीकडेही असंच दिसतं. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. ज्या मापाचा तुकडा मिळेल तो घेत, कडेपासून सुरुवात करून आत आत फिरत जातात. तुकड्यांच्या मापाचा आग्रह नाही. पण चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लागलीच पाहिजेत, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या रजया शिवल्या. त्यांच्या रेषा मोजपट्टीने आखलेल्या नाहीत. त्या रजया 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या आणि 2006 साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आपण फोनवर ज्या रजयांचे फोटो बघून हिरमुसतो, त्यांतल्या कित्येक स्पर्धेसाठी शिवलेल्या असतात. ते वेगळं काम आहे आणि त्यालाही मान आहे. पण त्या मापाने पांघरायची गोधडी मोजली तर ती कधीच पुरी होणार नाही.

काहीजणी सांगतात, एक चूक मुद्दाम ठेवा म्हणजे मन शांत होतं. अमेरिकेतल्या अमिश पंथाच्या बायका अशी चूक ठेवत, कारण निर्दोष फक्त देव, अशी कथा त्यासोबत येते. रजयांच्या इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथा मानतात. मला हा उपाय पटत नाही. चूक कुठे ठेवायची याचाच नवा घोर सुरू होतो.

शिवून झाली, पण देववत नाही

बारशाची गोधडी बाळ रांगायला लागलं तरी आपल्याच कपाटात असते, कारण एका कोपऱ्याचं काही तरी करायचं राहिलं आहे. गोट लागला असेल आणि कोपरे ओढून पाहिले असतील तर देऊन टाका. देताना घेणाऱ्याला कोपऱ्यातला दोष बोट ठेवून दाखवू नका, तो त्यांनी पाहिलेला नसतो. त्यांना धुण्याबद्दल सांगा. पहिली दोन धुणी वेगळी आणि गार पाण्यात, पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रंग लवकर उडतो, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून, उलटी करून, सावलीत वाळवायची. जाड गोधडी वरून कोरडी लागली तरी आतून ओली असते, तेव्हा दुसऱ्या दिवशीही वाऱ्यावर ठेवून मगच घडी करायची.